आईला अ‍ॅकॅलेशियाचे निदान झाले आहे : फुगा, दुर्बिणीची शस्त्रक्रिया की पोएम?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझ्या आईचे वय ५४ आहे. वर्षभरापासून तिचा घास छातीच्या मध्यावर अडकतो. भाकरी अडकू लागली त्याच सुमारास पाण्याचा घोटही थांबू लागला. जेवताना ती मध्येच उठून उभी राहते, खांदे मागे ओढते, पाणी पिते आणि मग घास खाली उतरतो. रात्री न पचलेले अन्न तोंडात येते; सकाळी उशीवर भाताची शिते सापडतात. पहिले काही महिने पित्ताच्या गोळ्यांतच गेले. एंडोस्कोपीत फारसे काही दिसले नाही, तेव्हा नातेवाइकांनी हा मनाचा खेळ असल्याचे परस्पर ठरवून टाकले. आता मॅनोमेट्रीत (अन्ननलिकेतला दाब मोजणाऱ्या तपासणीत) ‘टाइप २ अ‍ॅकॅलेशिया’ हा अन्ननलिकेचा आजार निघाला असून डॉक्टरांनी तीन पर्याय सांगितले आहेत. एंडोस्कोपी बरी असताना हा आजार कसा, तो औषधाने बरा होणार नाही का आणि निवड कशाच्या आधारे करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पोटविकारतज्ज्ञ

आपल्या आईंचा त्रास मनाचा नाही, हे प्रथम घरातल्या सर्वांना सांगा. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला स्नायूंची एक झडप असते. घास गिळला की ती सैल पडते आणि नलिकेच्या लाटांसारख्या आकुंचनाने घास जठरात ढकलला जातो. अ‍ॅकॅलेशियात झडपेला सैल होण्याचा संदेश देणाऱ्या चेतापेशी नष्ट होतात, त्यामुळे झडप आवळलेली राहते आणि लाटाही थांबतात. एंडोस्कोपी आतले अस्तर दाखवते, स्नायूंचे काम मोजत नाही; म्हणून सुरुवातीच्या काळात ती सर्वसाधारण दिसू शकते. मॅनोमेट्रीत नाकातून बारीक नळी घालून रुग्णाला पाण्याचे छोटे छोटे घोट गिळायला लावतात आणि प्रत्येक घोटाला कुठे किती दाब निर्माण होतो ते नोंदवतात. हा आजार वर्षाला साधारण लाखात एकाला होतो, त्यामुळे तो ‘अ‍ॅसिडिटी’ म्हणून बराच काळ खपून जातो.

नष्ट झालेल्या चेतापेशी परत आणणारे औषध आज नाही. झडप सैल करणाऱ्या गोळ्यांचा परिणाम तोकडा असतो, त्यांनी डोके दुखते आणि रक्तदाब उतरतो. बोटॉक्सच्या इंजेक्शनचा गुण बहुधा वर्षभरात ओसरतो, त्यामुळे शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या रुग्णांसाठीच ते राखून ठेवावे. उरलेल्या तिन्ही उपायांचा हेतू एकच आहे, झडपेचा अडथळा काढणे.

फुग्याच्या उपचारात झडपेत फुगा फुगवून ती ताणतात; ३० मिलिमीटर व्यासापासून सुरुवात करून गरजेनुसार मोठा फुगा वापरतात. काहींना काही वर्षांत तो पुन्हा करावा लागतो आणि शंभरातील एकदोघांत अन्ननलिका फाटण्याचा धोका असतो. हेलर यांनी १९१३ साली केलेली स्नायू कापण्याची शस्त्रक्रिया आज पोटातून दुर्बिणीने होते आणि तिच्यासोबत जठराचा भाग गुंडाळून आम्ल वर येण्याला आळा घालतात. पोएम हा जपानमधील इनोउए यांनी २००८ साली रुग्णावर प्रथम केलेला उपचार. त्यात तोंडातून एंडोस्कोप घालून अस्तराखाली बोगदा करतात आणि आतून स्नायू कापतात. पोटावर टाका पडत नाही, पण आम्ल वर येण्याचे प्रमाण जास्त राहते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत पोएम आणि हेलर यांचे दोन वर्षांनंतरचे यश जवळजवळ सारखे होते, मात्र अन्ननलिकेची आम्लजन्य सूज पोएमनंतर ४४ टक्के आणि हेलरनंतर २९ टक्के रुग्णांत आढळली.

टाइप २ हा तिन्ही उपचारांना उत्तम दाद देणारा प्रकार आहे. टाइप ३, म्हणजे अन्ननलिका पेटक्यासारखी आवळणारा प्रकार, असता तर मी पोएमचा आग्रह धरला असता, कारण त्यात स्नायू बराच वरपर्यंत कापावा लागतो. आपल्या आईंच्या बाबतीत जो उपचार जवळच्या अनुभवी हातांनी होईल तोच चांगला. तेव्हा डॉक्टरांनी असे किती रुग्ण हाताळले आहेत, हे संकोच न करता विचारा.

मालवणी_आत्या

माझे पोएम झाले आहे, म्हणून जेवणापुरते सांगते. उपचारापूर्वी मला काही दिवस केवळ पातळ पदार्थांवर ठेवले होते, कारण अन्ननलिकेत साचलेले अन्न भूल देताना फुप्फुसात जाऊ शकते. आईंना कितीही भूक लागली तरी यात सवलत देऊ नये. तोवर मऊ भात, पेज, वरण, नीट चावून आणि बसूनच. थंड पाण्यापेक्षा कोमट पाण्याने मला घास लवकर उतरे. संध्याकाळी लवकर जेवावे आणि पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली विटा ठेवाव्यात. नुसत्या उशा वाढवल्याने मान दुखते, फायदा काही नाही. उपचार झाल्यावरही लाटा परत येत नाहीत, त्यामुळे घाईने जेवण्याची सवय कायमची सोडावी लागते. पित्ताची गोळीही चालू राहिली, पण आता तिला कारण आहे.

शल्यविशारद

वरील सल्ल्याशी सहमत आहे, एकच पुस्ती जोडतो. जठराच्या तोंडाशी असलेली गाठही हुबेहूब असेच चित्र उभे करू शकते. वय जास्त असेल, त्रास थोड्याच महिन्यांत वाढला असेल आणि वजन झपाट्याने उतरले असेल, तर सीटी स्कॅन किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफी करून शंका मिटवावी. आधी घट्ट पदार्थ अडकले आणि पुढे द्रव पदार्थही अडकू लागले, हा क्रम अरुंदपणाकडे किंवा गाठीकडे बोट दाखवतो. आपण सांगितलेला क्रम तसा नाही, तरीही आपल्या डॉक्टरांना हे विचारून घ्या.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आईला भूल देण्याची फार भीती वाटते, त्यामुळे तिचा कल फुग्याकडे आहे. त्याचा गुण पुढे ओसरला, तर पोएम किंवा हेलर करता येते का?

पोटविकारतज्ज्ञ

येते, आणि तसे अनेकांत केलेही जाते. चाळिशीपुढच्या स्त्रियांना फुग्याचा गुण तुलनेने चांगला येतो, त्यामुळे आईंचा कल वावगा नाही. फुग्याच्या वेळीही गुंगीचे औषध देतात, याची कल्पना त्यांना आधी द्या. त्या दिवशी छातीत वाढत जाणारी कळ, ताप किंवा धाप लागली तर घरी थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा. पुढे बेरियमचा (एक्स-रेत दिसणारे द्रावण पाजून) एक्स-रे काढून अन्ननलिका रिकामी होते का ते पाहावे. घास उतरतो असे रुग्णाला वाटत असतानाही ती आतून भरलेली असू शकते.