चिनी मातीच्या सिंकभोवती काय लावावं: काळा ग्रॅनाइट, कडप्पा की घरचं जुनं सागवान?

वाड्यातली_सून
आर्वी तालुक्यातलं आमचं गावचं घर. मागच्या पावसाळ्यात सैपाकघराची भिंत बसली, म्हणून ओट्यासकट सगळं नव्यानं होतंय. भावानं नागपुरात पाडलेल्या एका जुन्या बंगल्यातलं चिनी मातीचं सिंक भंगारातून उचलून आणलं. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दहा इंच खोल, काठ अंगठ्याएवढे जाड. दोन माणसांनी मिळून उतरवलं तरी हाशहुश झालं. इंग्लंडात याला बेलफास्ट सिंक म्हणतात. लंडनच्या जुन्या सिंकला जादा पाणी जायचं भोक नसायचं, याला आहे. पुढची बाजू उघडी राहते, तिथला काठ दिसतो, म्हणजे ओट्याचा दगड नेहमीसारखा चारी बाजूंनी वरून झाकून चालत नाही.

जो येतो तो म्हणतो, काळा ग्रॅनाइट टाका आणि मोकळे व्हा. मला तो नको. एक तर आमच्या बोअरचं पाणी जड, काळ्या चकचकीत दगडावर सुकलेला प्रत्येक थेंब पांढरा दिसतो. दुसरं, आमच्याकडे अजून पितळेचे गंज आणि गुंड, म्हणजे पातेली आणि पाण्याची भांडी, वापरात आहेत. ते हातून सुटले की दगडाला काही होत नाही, गंजाला पोचा येतो आणि काचेचा पेला असेल तर विषयच संपला. आणि पडलेल्या माडीची सागवानी तुळई गोठ्यात पडून आहे. ती चिरून दोन्ही बाजूंना फळ्या लावाव्या, असं माझं ठाम मत आहे. नवरा हसतो. तुम्हीही हसा, पण कारण सांगून हसा.

ओळंबा
ताई, पंचवीस वर्सं झाले ओटे बसवतो. लाकूड अन् पाणी यायचं जमत नाही, हे काही नवं नाही. तुमची फळी लांबीत टाकली का तिचं कापलेलं टोक येते बरोबर सिंकच्या बाजूले. लाकूड सगळ्यात जास्त पाणी पेते ते त्याच टोकातून. वरून कितीही पॉलिश मारा, तिथून काळं पडत जाते. दोन पावसाळे काढन, मंग मलेच फोन करान. ग्रॅनाइट टाका. पाण्याच्या डागाले फडकं मारा, डाग गेला.

सागाचा_गाभा
ओळंबा भाऊ, टोकाचं तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. पण म्हणून लाकूडच बाद? बैलगाडीचं चाक, विहिरीवरचा रहाट, नदीतला डोंगा हे सगळं पाण्यातच होतं ना?

ताई, तुळई जुन्या सागाची असेल तर आधी तिचा गाभा पाहा. कडेचं पांढरट लाकूड उधई सोडत नाही, ते सगळं काढून टाका. आतलं तपकिरी, तेलकट वास येणारं तेवढंच ठेवा. खिळे शोधून काढा, नाहीतर आरागिरणीवाला तुमच्या नावानं बोंब मारेल. फळ्या वरून घट्ट ठोकू नका. मे महिन्यात लाकूड आकसतं, जुलैत फुगतं, आणि तेही रुंदीत. खालून लांबट भोकातून स्क्रू द्या, म्हणजे त्याला सरकायला जागा राहते. सिंकच्या बाजूची टोकं बसवण्याआधी तीनचारदा तेलानं पाजा.

तेल जवसाचंच. शेंगदाण्याचं किंवा तिळाचं चालत नाही, ती तेलं सुकत नाहीत, नुसती चिकट राहून खवट होतात. जवसाचं तेल हवेत हळूहळू घट्ट होऊन लाकडात बसतं. आपल्याकडे तेलघाणीवर मिळतं. एकच सावधगिरी: तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या सुकताना स्वतः तापतात आणि पेट घेऊ शकतात. आपल्या ४५ अंशांच्या उन्हात तर नकोच. बादलीत पाण्यात बुडवा, नाहीतर सुट्या करून मोकळ्या हवेत वाळवा.

खारपाणपट्टा
दर्यापूरकडून लिहितोय. ताईंचं दुखणं मला कळतं, पण औषध चुकलंय. पूर्णेच्या खोऱ्यात आम्ही खाऱ्या पाण्यातच जन्मलो. पाण्याचा डाग फडक्यानं जातो हे ओळंबा भाऊंनी आमच्याकडे येऊन सिद्ध करावं! एकदा क्षार बसला की आंबटच लागतं, लिंबू नाहीतर व्हिनेगर. इथे दगडाची जात महत्त्वाची होते. कडप्पा, कोटा, शहाबादी, संगमरवर ही सगळी चुन्याच्या घराण्यातली. क्षार काढायला लिंबू लावलं की क्षारासोबत दगडाची चमकही जाते. ग्रॅनाइटवर आंबटाचा तसा परिणाम होत नाही.

म्हणून ग्रॅनाइटच, पण काळा नाही. पांढुरका, राखाडी, ठिपक्याठिपक्यांचा घ्या, आणि चकचकीत न घेता खरखरीत लेदर फिनिशचा. थेंब दिसतही नाही. पांढऱ्या सिंकजवळ शोभतोही. काळ्या दगडाच्या मधोमध पांढरं सिंक म्हणजे तोंडातल्या एकुलत्या एक दातासारखं दिसतं.

आणि काळाच घ्यायचा झाला तर नेलपॉलिश काढायच्या द्रवात कापूस बुडवून दगडावर घासून पाहा. कापूस काळा झाला तर दगड रंगवलेला आहे. आमच्या एका नातेवाइकाचा ओटा वर्षभरात चॉकलेटी झाला.

अंबाडीची_भाजी
मी कडप्प्याच्या बाजूनं. सगळे त्याला नावं ठेवतात, पण माझ्या आईचा कडप्प्याचा ओटा माझ्याहून मोठा आहे. अंबाडी, चिंच, मठ्ठा, सगळं सांडलं त्यावर. चमक गेली, हो. पण चमक हवी कुणाला? मंद काळपट, हाताला गार लागणारा. ग्रॅनाइटच्या निम्म्यानंही पैसे लागत नाहीत.

खारपाणपट्टा
आणि पापुद्रे? कडप्पा थराथरानं बनलेला दगड. सिंकच्या कापलेल्या कडेवर रोज पाणी आणि रोज घासणं, कड सुटते. आईच्या ओट्यात सिंकसाठी कापलेलं होतं का?

अंबाडीची_भाजी
नव्हतं. शेजारी मोरी होती. हे मान्य.

वरुडचा_संत्रा
संगमरवराचा मुद्दा दोन ओळीत. आम्ही टाकला. घरात बाग, रोज रस काढणं. तीन महिन्यांत ओट्यावर पेल्यांच्या बुडांचे ठसे, जणू कुणी शिक्के मारलेत. देवघरात लावा.

ओळंबा
सागाचा गाभा भाऊ, डोंगा पाण्यात राह्यते तं ओलाच राह्यते. ओट्यावर दिवसातून दहा खेपा ओलं, दहा खेपा कोरडं. फरक हाय ना बाप्पा. अन् बायामाणसं लोखंडी कढई ओलीच टेकवतात. सागावर ओलं लोखंड ठेवलं का निळा-काळा डाग उमटते, तो आतपर्यंत जाते. आमच्याकडे म्हणतात ना, गंज ठेवला अन् गंज धरला!

वाड्यातली_सून
गंजावरून हसले, पण लोखंडाचा मुद्दा लागला. कढई मी खरंच तिथेच उपडी घालते. एक राहून गेलं, आमच्या घरी पितळ अजून चिंच आणि राखेनं घासतात. भांडी सिंकमध्ये कमी आणि काठावर जास्त टेकतात.

कारंजा_लाड
मग क्वार्ट्झ का नको? डाग धरत नाही.

खारपाणपट्टा
क्वार्ट्झची फरशी म्हणजे दगडाची पूड आणि राळेसारखं रेझिन दाबून केलेली. चुलीवरून उतरवलेला तवा थेट टेकवला की रेझिन पिवळं पडतं. आणि पांढऱ्यावर हळद. डाग उन्हात फिका होतो, पण ओटा उचलून अंगणात नेणार का?

ओळंबा
कोणताही दगड घ्या, एक ऐका. चिनी मातीचं सिंक भट्टीतून निघते, त्याच्या चारी बाजू कधीच सारख्या नसतात. पाच-सहा मिलिमीटर इकडं-तिकडं. कागदावरचं माप देऊन दगड कापला का फसले. आधी सिंक विटांच्या ओट्यावर बसवा, पाण्यानं भरून एक रात्र ठेवा, वजनानं बसू द्या, मंग पुठ्ठ्यावर काठाचा आकार उतरवा. दगड काठाच्या वर थोडासा पुढं काढा अन् त्याच्या खालच्या अंगाले बोटभर आत बारीक खाच मारा. खाच नसन तं थेंब दगडाच्या पोटानं मागं चालत जाऊन भिंतीत जाते. फटीत तीन मिलिमीटर सिलिकॉन. आंबट वासवालं सिलिकॉन चुन्याच्या दगडाले नको, दुसरं मागा.

सागाचा_गाभा
हे मात्र सोन्यासारखं सांगितलं. लाकडालाही खाच हवीच.

वाड्यातली_सून
काल तुळई चिरली. एका टोकाला पोकळ निघाली, उधईनं आधीच जेवून घेतलं होतं. चांगलं लाकूड उरलं ते एका बाजूपुरतंच, चुलीकडच्या कोरड्या बाजूला. मी हट्ट सोडलेला नाही, तेवढी बाजू सागाचीच होईल.

भांडी निथळतात त्या बाजूसाठी दुकानातून तीन तुकडे आणले, काळा ग्रॅनाइट, राखाडी ग्रॅनाइट, कडप्पा. तिन्हींवर रात्रभर लिंबाची फोड ठेवली. सकाळी दोन्ही ग्रॅनाइट जसेच्या तसे. कडप्प्यावर रुपयाएवढा पांढरा गोल. तो सासूबाईंना दाखवला, तर म्हणाल्या, "मंग तोच घे ना. निदान दिसते तरी कुठं लिंबू ठेवलं होतं ते."

अंबाडीची_भाजी
सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

ओळंबा
ताई, राखाडी. सोमवारी येऊ का माप घ्याले?