शब्दचर्चा : ग्रँटचेस्टर

प्रश्न : केंब्रिजजवळ ग्रँटचेस्टर नावाचं गाव आहे. मँचेस्टर, विंचेस्टर यांतलं ‘चेस्टर’ लॅटिन ‘कास्त्रा’, म्हणजे छावणी, यावरून आलंय असं वाचलं होतं. मग ग्रँटचेस्टरलाही रोमन छावणी होती का? आणि आपल्या ग्रँट रोडशी याचं काही नातं?

प्रतिसाद : ग्रँट रोडचं आधी उरकते. तो रॉबर्ट ग्रँट यांच्या नावाचा. १८३५ ते १८३८ ते मुंबईचे गव्हर्नर होते. ते आडनाव जुन्या फ्रेंचमधल्या ‘मोठा’ या अर्थाच्या शब्दावरून आलेलं, म्हणजे इथे नातं नाही.

गावाचं प्रकरण मात्र फार सुंदर आहे. या नावात चेस्टर मुळात नव्हतंच! १०८६ सालच्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडच्या त्या प्रसिद्ध जमीन-दफ्तरात, गावाची नोंद ‘ग्रांतेसेता’ अशी आहे. ग्रँटा ही नदी, आणि जुन्या इंग्रजीत ‘सेते’ म्हणजे वस्ती करून राहिलेले लोक. ग्रँटाकाठचे रहिवासी, एवढाच अर्थ. डॉर्सेट, सॉमरसेट यांच्या शेवटी तेच ‘सेते’ आहे. या शब्दाचं मूळ आणि आपल्या ‘सदन’, ‘सदस्य’मधला ‘सद्’ धातू एकच, बसणे या अर्थाचा. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला दिवसभर दुसरं काही सुचलं नव्हतं.

पुढे ‘सेते’चा अर्थ लोक विसरले. नॉर्मन लेखनिक चेस्टर हे पद ‘सेस्ट्रे’सारखं लिहीत, त्यामुळे माझ्या मते दोन्ही शेवट कागदावर जवळ आले आणि ओळखीच्या शब्दाने अनोळखी शब्दाची जागा घेतली. यालाच आपण लोकव्युत्पत्ती म्हणतो.

या बदललेल्या नावाने पुढे अभ्यासकांनाही चकवलं. बीड या इतिहासकार भिक्षूने ७३१ साली लिहिलंय की ईलीच्या मठातले लोक संत एथेलथ्रिथच्या शवपेटीसाठी दगड शोधायला नावेतून निघाले आणि ‘ग्रांताकेस्टिर’ नावाच्या ओसाड नगरात त्यांना पांढऱ्या संगमरवराची पेटी सापडली. नाव जुळतं म्हणून ते नगर म्हणजे हेच गाव असं बरेच दिवस मानलं गेलं. पण बीडचं नगर म्हणजे खुद्द केंब्रिज, तिथल्या टेकडीवरचं रोमन ठाणं. खरं चेस्टर तिथे होतं. त्याने ते नाव टाकलं आणि तीनेक किलोमीटरवरच्या खेड्याला ते चुकून चिकटलं.

प्रश्न : मग ग्रँटाकाठच्या शहराचं केंब्रिज कसं झालं? ते तर केम नदीवरचा पूल म्हणून ना?

प्रतिसाद : उलटं आहे, दादा. शहराचं जुनं नाव ‘ग्रांतेब्रिज’, ग्रँटावरचा पूल. नॉर्मन लोकांच्या तोंडी ‘ग्र’चा ‘क’ झाला, ‘कांतेब्रिग’. जुन्या पुस्तकांवर लेखकाच्या पदवीपुढे ‘कँटॅब’ छापलेलं दिसतं, ते याच टप्प्याच्या लॅटिन रूपाचं संक्षिप्त रूप. मग मधला ‘त’ गळाला, ‘न’ला ‘ब’ येऊन भिडला आणि त्याचा ‘म’ झाला. हे आपल्याला कुणी शिकवायला नको : ‘आंबा’, ‘खांब’ म्हणताना अनुस्वाराचा म् आपसूक होतोच.

आता केंब्रिज आहे तर नदी केम असणार, असं लोकांनी धरलं आणि १६०० च्या सुमारास नदीलाच ‘केम’ नाव पडलं. शहराला नाव देणारी नदी, तिला शहराने नवं नाव दिलं. वरच्या अंगाच्या प्रवाहाला मात्र आजही ग्रँटाच म्हणतात.