मुंबईच्या उकाड्यात रोल धुताना

मे महिन्यात नळाचं पाणीच ३० अंशांच्या आसपास, त्यामुळे मुंबईत एसीशिवाय घरी कॅमेऱ्याच्या फिल्मचा रोल धुता येत नाही, असं काही जण म्हणतात. येतो, अगदी व्यवस्थित येतो! डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, गरम असला की वेगाने काम करतो, म्हणून वेळ कमी करायचा. पण तो पाच मिनिटांच्या खाली गेला तर आकाशासारखे सपाट भाग असमान उठतात. अशा वेळी डी-७६ (कृष्णधवल फिल्मसाठीचा एक डेव्हलपर) मध्ये तेवढंच पाणी मिसळा, वेळ पुन्हा वाढतो. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते डेव्हलपर, फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) आणि शेवटचं पाणी एकाच तापमानाला ठेवणं. गरमातून एकदम बर्फाळ पाण्यात गेल्यास फिल्मवरच्या जिलेटिनच्या थराला बारीक सुरकुत्या पडू शकतात. काहींना तोच परिणाम हवा असतो, पण हल्लीच्या फिल्मचा थर कडक केलेला असतो, त्यामुळे तो सहज मिळत नाही.

रंगीत रोल लिंबाच्या रसात किंवा चहात भिजवायचा प्रयोग जरूर करा, रंग अनपेक्षित येतात. फक्त तो रोल न सांगता लॅबला देऊ नका. त्यांचं रसायन बिघडलं तर इतरांचे फोटो जातील. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते, तोही मोरीत ओतू नका.