सेलमधलं फाउंटन पेन: स्वस्त पडतं का महाग?

निळी_शाई
मंडळी, मनातलं लिहून टाकतो, पटलं नाही तर सरळ सांगा. भाच्याची बारावी झाली म्हणून त्याला एक चांगलं फाउंटन पेन द्यायचं होतं, बाहेरच्या कंपनीचं, तर एका ऑनलाइन दुकानात सेल लागलेला, एमआरपी ३८०० आणि द्यायचे २२००, म्हणजे ४२ टक्के सूट, मी म्हटलं यापेक्षा काय पाहिजे, घेतलं. चार दिवसांत घरी आलं, डबा मस्त, रंग मस्त. शाई भरली आणि लिहायला गेलो तर निब कागद खरवडते, वरून खाली ओढली तर ठीक, डावीकडून उजवीकडे नेली की शाई तुटते. आपल्या देवनागरीत शिरोरेषाच डावीकडून उजवीकडे जाते, म्हणजे प्रत्येक शब्दाची रेघ अर्धी गायब!

परत द्यायला गेलो तर उत्तर आलं की शाई भरलेलं पेन वापरलेलं धरतात, परत होणार नाही. आता मला सांगा, शाई न भरता निब कशी आहे हे कळणार कसं? आणि भरली की माल तुमचा. हे गणित मला अजिबात पटलेलं नाही. त्यात कन्व्हर्टरच्या, म्हणजे पेनात शाई ओढून घ्यायच्या नळीच्या, तोंडाशी आधीपासूनच एक निळसर डाग होता, मला तर वाटतं कुणीतरी परत केलेला पीसच मला पाठवला.

माझं मत आता पक्कं आहे, फाउंटन पेन सेलमध्ये ऑनलाइन घेऊच नये. आपल्या इंदूरच्या खजुरी बाजारात जावं, काउंटरवर उभं राहून स्वतःची सही करून बघावी, चार पैसे जास्त द्यावे. चष्मा जसा डोळ्याला लावून बघतो तसं पेन हाताला लावून बघावं लागतं.

रामबागची_ताई
दादा, तुमचं नुकसान झालं त्याचं खरंच वाईट वाटलं, पण निष्कर्ष मला मुळीच मान्य नाही. मी शाळेत शिकवते, प्रायव्हेट शाळा, पगार काय असतो सगळ्यांना माहीत आहे. माझ्याकडे आज चार फाउंटन पेनं आहेत आणि चारही सेलमधली आहेत, एकही पूर्ण किमतीत मला घेता आलं नसतं.

आणि काउंटरवर सही करून बघायचं म्हणता ना, ते कुणाला करू देतात? मी सहा-सात वर्षांपूर्वी इथल्याच एका मोठ्या दुकानात गेले होते, शाळेतून सरळ, सुती साडी, पायात साधी चप्पल, हातात वह्यांची पिशवी. काचेच्या कपाटातलं एक पेन दाखवा म्हटलं तर माणसाने आधी किंमत सांगितली. पेन नाही काढलं, किंमत सांगितली. मी म्हटलं दाखवा तरी, तर म्हणे मॅडम तुम्हाला जेल पेन दाखवतो, रनिंग आयटम आहे. मी निघून आले, आणि रागाने नाही, लाजेने निघून आले, ते अजून डोक्यात आहे. ऑनलाइनवाला माझी चप्पल बघत नाही. तो मला आणि कोठीवाल्याला तोच फोटो, तीच किंमत दाखवतो. मला ही गोष्ट ४२ टक्क्यांपेक्षा मोठी वाटते.

आणि माल तरी कुठे आहे इथे? जपानी पेन म्हटलं की अर्धे दुकानदार बॉलपेन पुढे करतात.

हिशेबी_माणूस
दोघेही सूट धरून बोलताय पण सूट कशावर आहे ते कुणी बघितलं का? एमआरपी हा जास्तीत जास्त भाव आहे, सगळे टॅक्स धरून, त्याच्या वर विकता येत नाही एवढंच. तो आकडा कंपनी नाहीतर इम्पोर्टर स्वतः छापतो. मग ३८०० छापा आणि वर्षभर २४०० ला विका, सेल लागला की २२०० करा, घेणाऱ्याला वाटतं १६०० वाचले, वाचले खरे २००.

मी स्वतः एका पेनाचा भाव जानेवारी ते जून वहीत लिहून ठेवला होता, दर शनिवारी. सहा महिन्यांत ते छापील किमतीला एकदाही विकलं नाही, म्हणजे ती किंमत कुणी देतच नव्हतं. त्यामुळे माझं म्हणणं असं की टक्के बघूच नका, तोच मॉडेल, तीच निब, तीन ठिकाणी किती रुपयांना आहे ते बघा. आणि डब्यावर इम्पोर्टरचं नाव-पत्ता नि एमआरपीचा स्टिकर आहे का ते बघा, तो नसेल तर माल आडमार्गाने आलाय, वॉरंटी कुणाकडे मागणार?

कुणी म्हणेल बाहेरून मावसभावाकडून गिफ्ट म्हणून मागवतो, तर ५००० पर्यंतच्या गिफ्टला कस्टम माफ होतं ते डिसेंबर २०१९ मध्येच बंद झालं. इथे घेतलं तरी १८ टक्के जीएसटी आहेच, २०२१ पासून सगळ्याच पेनांवर.

भिंगवाले_काका
मी ड्रॉइंग ऑफिसात नोकरी केली, आयुष्य निबांमध्ये गेलं, म्हणून लिहितो. निळी शाई, तुमच्या पेनाचा दोष सेलचा नाही. पूर्ण पैसे मोजलेल्या पेनातही अशी निब येते, मी पाहिलेली आहे. निबेला मधोमध चीर असते, दोन पाती होतात, त्यातलं एक पातं केसभर वर राहिलं की एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला खरवड. तुम्ही वर्णन केलंय अगदी तेच.

सराफ्यात ओळखीचा कुणी असेल तर त्याच्याकडचं दहा पटीचं भिंग मागा, निब समोरून धरून बघा, टोकाचे दोन मणी एका रेषेत आहेत का. नसतील तर वरचं पातं अंगठ्याच्या नखाने हलकेच खाली दाबायचं, एकदाच, पुन्हा बघायचं. घाई नाही. पॉलिश पेपर लावू नका, टोकावरचा कठीण धातू एकदा घासला की परत येत नाही. आणि त्याआधी कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून पेन धुवून काढा, कारखान्यातलं तेल राहिलेलं असतं, शाई तुटायचं निम्मं कारण तेच निघतं.

तो निळा डागही लगेच कुणाचं वापरलेलं समजू नका. काही जर्मन कंपन्या कारखान्यातच निब शाईत बुडवून लिहून बघतात, त्याचा अंश राहतो.

ड्रॉइंगची काळी शाई मात्र कुणी भरू नका हो, तिच्यात लाख असते, आत वाळली की पेन गेलं. माझ्याकडे अशी तीन आली, एकच वाचवता आलं.

निळी_शाई
काका, मनापासून आभार, पण तुम्ही माझाच मुद्दा मांडलात. हे पातं-भिंग कोण करणार? पूर्वी दुकानदारच करायचा. खजुरी बाजारात एक म्हातारे गृहस्थ होते, गल्ल्याशेजारी पाण्याची वाटी, शाईची बाटली, रेघांचं पॅड. बाबांबरोबर गेलो की ते आधी म्हणायचे, पोरा नाव लिही, आणि माझा हात बघून निब बदलून द्यायचे, बाटलीचे तेवढे पैसे घ्यायचे. आता त्याच दुकानात कीचेन आणि पाण्याच्या बाटल्या, निबवालं पेन एका ट्रेमध्ये धूळ खातंय. आपण सगळ्यांनी १६०० वाचवले (बरं, २०० वाचवले) म्हणून ते ज्ञान गेलं असं मला वाटतं. त्या माणसाचं पोट त्या चार पैशांवरच होतं ना.

रामबागची_ताई
त्या आजोबांनी तुम्हाला निब बदलून दिली कारण तुम्ही वडिलांचा हात धरून गेला होतात. माझे वडील मिलमध्ये होते, मिल बंद पडली तेव्हा आमच्या घरी शाईची पुडी पाण्यात कालवून वापरायचे. दुकानं गेली याचं मलाही दुःख आहे, पण ती ऑनलाइनमुळे गेली हे पूर्ण खरं नाही, बॉलपेन आणि जेल पेननेच निम्मी मोडली, सेल तर कालचा आला.

एक मात्र कबूल करते. माझ्या चारपैकी एक पेन ब्रॉड, म्हणजे जाड रेघेच्या, निबचं आहे, ते सगळ्यात स्वस्त मिळालं आणि आता कळतं का मिळालं. इंग्रजीत छान चालतं, मराठीत ‘ष्ठ’, ‘क्ष्म’, ‘द्ध’ लिहिलं की पोटातली जागाच भरून जाते, अनुस्वार म्हणजे ढेकूण दिसतो. मुलांच्या वह्या त्याने तपासता येत नाहीत. सेलमध्ये जे पडून राहतं ते पुष्कळदा असल्याच निबेचं किंवा कुणाला नको असलेल्या रंगाचं असतं. रंगाचं खुशाल घ्या, निबेचं नाही.

कॉलेजवाला_भिया
मी इथे लहान आहे, पण सगळे इम्पोर्टेडचंच धरून का बसलेत? राजमहेंद्रीचं रत्नम घ्या, १९३२ पासून हाताने पेनं घडवून राहिले, गांधीजींनी १९३५ मध्ये पत्र लिहून कौतुक केलेलं. एबोनाइटचं म्हणजे कडक रबराचं पेन, ड्रॉपरने शाई थेट पेनात भरायची, ना कन्व्हर्टर ना कार्ट्रिज (तयार शाईची नळी), एकदा भरलं की माझं तर पेपरभर पुरतं. मी दक्षिणेतल्याच दुसऱ्या एका कारागिराकडून फोनवर बोलून घेतलं, त्याने मलाच विचारलं मराठी लिहिता का इंग्रजी, पेन कसं धरता, जोर किती देता. सूट शून्य. दोन महिने वाट बघितली. पण निब पहिल्या दिवसापासून पाण्यासारखी चालते भिया, काय सांगू.

शाई दांडेकरांच्या कॅम्लिनचीच वापरतो, कंपनी १९३१ ची, स्वस्त आहे आणि पेन तुंबत नाही.

हिशेबी_माणूस
दोन महिने थांबायचं म्हणजे भाच्याला भेट द्यायची वेळ निघून गेली. सगळ्यांना ते जमत नाही. बाकी पेन छान असेल, वाद नाही.

निळी शाई, तुम्ही त्या ‘वापरलेलं धरतात’ या उत्तरावर गप्प बसलात हे मला खटकलं. २०२० चे ई-कॉमर्सचे ग्राहक नियम आहेत, त्यात स्पष्ट आहे की माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल तर विकणाऱ्याला परत घ्यायला नकार देता येत नाही. आवडलं नाही आणि बिघडलेलं आहे यात फरक आहे, तुमचं दुसऱ्यातलं आहे. लिहितानाचा व्हिडिओ काढा, शिरोरेषा तुटताना स्पष्ट दिसू द्या, आणि १९१५ वर फोन करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

भिंगवाले_काका
मग तक्रार करायची असेल तर आत्ता निबेला हात लावू नका, मी वर सांगितलेलं सगळं थांबवा. नखाचा दाब दिलात आणि नंतर ते म्हणाले ग्राहकाने वाकवली, तर तुमच्याकडे बोलायला काही राहणार नाही. धुतलं तर चालेल.

निळी_शाई
धुतलं होतं, फरक नाही पडला. व्हिडिओ काढला, १९१५ ला फोन केला, तक्रारीचा नंबर मिळालाय. पैसे परत आले तर मी दुकानातूनच घेणार, माझं मत बदललेलं नाही, भाच्याला बरोबर नेणार आणि त्याच्या हाताने लिहून बघणार. पण ताई, तुमच्या त्या काचेच्या कपाटावर माझ्याकडे उत्तर नाही. मला आजवर कुणी आधी किंमत सांगितलीच नाही, त्यामुळे हे असंही होत असेल हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

रामबागची_ताई
दुकानात जाताय तर मीडियम घेऊ नका, फाइन घ्या. आणि जपानी फाइन का युरोपी ते विचारा, जपानी फाइन युरोपच्या एक्स्ट्रा फाइनएवढी बारीक असते. सही नका करायला लावू भाच्याला, सही सगळ्याच पेनने बरी येते. ‘ज्येष्ठ’ लिहायला सांगा.