मदत हवी आहे: स्नो-बाइक किटला पुढचे स्प्रॉकेट १३ दात्यांचे ठेवावे की १२ चे?

नमस्कार. मी अमेरिकेतील आयडाहो राज्यात, बॉयझी येथे राहतो. या हिवाळ्याच्या सुरुवातीला माझ्या ५०० सीसीच्या, सहा गिअरच्या एंड्युरो मोटारसायकलची दोन्ही चाके उतरवून तिला स्नो-बाइकचे किट बसवले, म्हणजे पुढे एक स्की आणि मागे १२९ इंची ट्रॅक (बर्फावर फिरणारा रबरी पट्टा). ज्यांनी ही रचना पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो, की इंजिनाकडच्या पुढच्या स्प्रॉकेटवरून (दातेरी चक्रावरून) निघालेली चेन येथे चाकाकडे न जाता जॅकशाफ्टवर, म्हणजे मधल्या दांड्यावर, जाते आणि तेथून दुसरी चेन ट्रॅक ओढणाऱ्या दातेरी चक्राला (त्याला ड्रायव्हर म्हणतात) फिरवते. माझ्या किटमध्ये पुढे १३ व जॅकशाफ्टवर १८ दाते आहेत आणि दुसऱ्या चेनची दोन्ही स्प्रॉकेटे सारखीच आहेत.

बॉयझीपासून महामार्ग २१ ने वर गेल्यावर सुमारे ६,१०० फुटांवर मोर्स क्रीक समिट ही खिंड लागते. तेथे गाडी लावून आम्ही ७,००० फुटांच्या वर चढतो. दाबलेल्या, टणक वाटेवर काहीच तक्रार नाही. मात्र मांडीपर्यंतच्या ताज्या, भुसभुशीत बर्फात चढ सुरू झाला, की तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडत राहते आणि चौथा टाकताच मान टाकते. परवा अशाच चढावर मी चौथ्यात क्लच अर्धा दाबून इंजिन उचलू पाहिले; काही क्षणांत जळक्या क्लचचा वास हेल्मेटच्या आत आला, ट्रॅकने स्वतःखालीच खड्डा खणला आणि पुढची पाऊण तास मी फावडे चालवत होतो. एअरबॉक्समध्ये (इंजिनाला हवा पुरवणाऱ्या पेटीत) बर्फ शिरलेला नव्हता, ट्रॅकचा ताण मोजून ठीक आढळला आणि थर्मोस्टॅट बसवलेला असल्याने इंजिन पुरेसे गरम होते, त्यामुळे संशय गिअरिंगवरच येतो. दर हजार फुटांना ढोबळ ३ टक्के ताकद कमी होते हे धरले, तर तेथे माझे इंजिन पाचव्या हिश्श्याने अशक्त झालेले असते. इंधन-इंजेक्शन मिश्रण सुधारते, पण विरळ हवेतला प्राणवायू काही वाढवत नाही.

आता हिशेब. ८,५०० आरपीएमला तिसऱ्यातून चौथा टाकला की इंजिन साधारण ६,८०० वर येते आणि तेथे त्याला दम राहत नाही. पुढचे स्प्रॉकेट १२ चे केले तरी दोन गिअरांमधले हे अंतर तसूभरही कमी होणार नाही, हे मला कळते. परंतु ट्रॅकचा वेग तोच असताना चौथ्यात इंजिन सुमारे ७,३७० वर राहील, म्हणजे बर्फात मला जो वेग लागतो तो चौथ्याच्या खेचण्याच्या टप्प्यात येईल. टॉप स्पीड ७.७ टक्के घटेल, पण सहावा गिअर परतीच्या वाटेवरही क्वचितच लागत असल्याने त्याचे मला दुःख नाही. लडाखला सामानासह जाण्यापूर्वी पुढचा एक दाता कमी करणारे आपल्याकडचे लोक हेच गणित करतात. फरक इतकाच, की तेथे चाक जमिनीवर असते आणि येथे जमीनच पायाखालून निसटते.

अडचण अशी, की १२ दात्यांवर चेन अधिक तीव्र वळते, त्यामुळे चेन व स्लायडर (चेन ज्यावरून घासत सरकते ती पट्टी) लवकर झिजतील अशी भीती वाटते. शिवाय चेन सुमारे ४ मिलिमीटर ताणून घ्यावी लागेल, ते जमेल. दुसरा मार्ग म्हणजे पुढे १३ तसेच ठेवून जॅकशाफ्टवर १९ किंवा २० दाते बसवणे. त्याने गिअरिंग अनुक्रमे ५ आणि १० टक्के लहान होते, चेनला वळणही सौम्य राहते. परंतु त्यासाठी टनेल (ट्रॅकवरचे धातूचे आवरण) उघडावा लागतो, चेन बहुधा नवी घ्यावी लागते आणि मनासारखे झाले नाही तर पुन्हा सगळी उलथापालथ. पुढचे स्प्रॉकेट मात्र अर्ध्या तासात बदलता येते.

ज्यांनी एवढ्या उंचीवर लांब ट्रॅकची स्नो-बाइक चालवली आहे, त्यांनी कृपया सांगावे, की १२ दात्यांवर एक पूर्ण हंगाम काढल्यावर चेन आणि स्लायडरची अवस्था काय होती, आणि ट्रॅक १२९ ऐवजी १३७ इंची असता तर आपण जॅकशाफ्टवर थेट २० दात्यांवर गेला असता का. माझे वजन बूट-जाकिटासह ८८ किलो आहे. बारा दात्यांचे स्प्रॉकेट आणून ठेवले आहे, बसवलेले नाही; शनिवारी पुन्हा वर जायचे आहे.