‘मेट्रोपोलिस’ची डिस्क मागवली, मधी मधी नुसत्या रेघोट्या. माल खराब आला का?

वसमतरोड_परभणी:

नमस्कार मंडळी. आधी थोडं मागचं सांगतो, कंटाळू नका.

१९८७ साली आमच्या किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत वडलांनी व्हिडिओ सुरू केला होता. एक कलर टीव्ही, एक व्हीसीआर, खाली बारदाना, तिकीट दोन रुपये. शारजाच्या मावसभावानं खोकाभर कॅसेटी आणल्या, त्यात एक ‘मेट्रोपोलिस’ नावाच्या जुन्या जर्मन पिक्चरची निघाली. गिऱ्हाईक दहा मिनिटांत उठलं. मुका पिक्चर लावला म्हणून पैसे परत मागायलं. मी सातवीत होतो, ज्वारीच्या पोत्यावर बसून पूर्ण बघितला. ती लोखंडाची बाई खुर्चीवर बसलेली आणि तिच्या भवती उजेडाची कडी खालीवर व्हायलेली, ते अजून डोळ्यापुढं आहे.

औंदा पोरीनं ब्ल्यू-रे प्लेयर घेऊन दिला, म्हणून म्हणलं तोच पिक्चर मागवावा. २०१० साली दुरुस्त केलेली आवृत्ती, बाहेरदेशातून. पहिलं तर डिस्क चालंनाच. रिजन, म्हणजे डिस्क जगाच्या ज्या भागासाठी काढली तो भाग, चुकीचा आहे अशी पाटी. दुकानदाराला कळवलं तर उघडलेला माल परत घेत नाही म्हणाला. शेवटी पुतण्यानं त्याच्या लॅपटॉपला ड्राइव्ह जोडून टीव्हीवर लावून दिली.

आता खरं दुखणं. पिक्चर सुरुवातीला एकदम लख्ख, कपड्याची वीण दिसंल असा. आणि मधीच अचानक पाऊस सुरू! उभ्या रेघोट्या, चित्र धुरकट, कडंला काळी पट्टी. पुन्हा लख्ख, पुन्हा पाऊस. दोन ठिकाणी तर चित्रच नाही, काय घडलं ते नुसतं लिहून दाखवलंय. वरून पिक्चर अडीच तासाच्या आसपास. माझ्या कॅसेटवर दीड तासाच्या आत संपला होता, आणि त्यात इंग्रजी गाणी होती, हे मी शपथेवर सांगतो. ह्यात एक गाणं नाही. बायको म्हणती तुमाला बारा वर्षांच्या वयातलं काय आठवतंय, स्वप्नात बघितलं असंल.

डिस्क खराब आहे का मी येडा आहे, एवढं सांगा.

गोदाकाठ_नांदेड:

टीव्हीच्या सेटिंगमधी नॉइज रिडक्शन फुल करा, शार्पनेस वाढवा, मोशन स्मूथ चालू करा. रेघोट्या बऱ्याच कमी होतील. मी शोले असाच बघतो.

तंबू_ऑपरेटर:

नांदेडचे भाऊ, रागावू नका, पण हे तिन्ही बंद करायचे असतात.

परभणीकर, तुमची डिस्क चांगली आहे आणि तुम्हीही चांगले आहात. मी फिरत्या टॉकीजच्या तंबूत बावीस वर्षं मशीन चालवली. माळेगावच्या यात्रेत, फर्दापूरच्या बाजाराला, कुठं कुठं. त्यामुळं रेघोट्यांचं मला विचारा.

हा पिक्चर १९२७च्या जानेवारीत बर्लिनला लागला तेव्हा अडीच तासांचा होता. चालला नाही. मग अमेरिकेत कापला, जर्मनीत कापला, आणि कापलेला माल गेला तो गेलाच. पण त्याआधी एक पूर्ण प्रत अर्जेंटिनात पोचली होती. जुनी फिल्म नायट्रेटची, म्हणजे पेटायला कापसासारखी. म्हणून पुढं तिकडं कुणीतरी तिची १६ एमएमच्या बारक्या फिल्मवर नक्कल करून घेतली. मूळ प्रत गेली, नक्कल राहिली, आणि ती २००८ साली ब्वेनोस आइरेसच्या सिनेमा संग्रहालयात सापडली. तुम्ही बघता तो पाऊस म्हणजे ही नक्कल. जवळपास पंचवीस मिनिटांचा माल तिच्यातून आला.

आता रेघा का पडतात? मशीनच्या गेटमधी धुळीचा एक कण अडकला की रीळ संपेपर्यंत उभी रेघ. यात्रेच्या धुरळ्यात तर आम्ही दर रिळाला गेट पुसायचो, तरी पडायच्याच. फिल्मच्या अंगावर रेघ असंल तर आज इलाज आहे. विशिष्ट द्रवात बुडवून स्कॅन करतात. काचेवरचा ओरखडा ओला केला की दिसत नाही, तसंच. पण अर्जेंटिनावाल्यांनी नक्कल करण्याआधी मूळ प्रत साफ केलीच नव्हती. फोटोचा फोटो काढला, त्यात रेघांचाही फोटो आला. आता रेघ फिल्मवर नाही, चित्रातच आहे. तिला कुठला द्रव लावणार? संगणकानं जेवढ्या उचलता आल्या तेवढ्या उचलल्या. आणि १६ एमएमची चौकट टॉकीजच्या ३५ एमएम फिल्मच्या चौथ्या हिश्श्याहूनही लहान, वर कडा कापल्या गेलेल्या. ती काळी पट्टी म्हणजे कापलेल्या कडेची जागा. तिथं काही नव्हतं, म्हणून काही रंगवलं नाही.

लिहून दाखवलंय ते दोन प्रसंग अजून सापडलेले नाहीत. एक साधूचं प्रवचन, दुसरी मारामारी.

कोणता तुकडा कुठं बसवायचा हे कशावरून ठरवलं, ते मला लई आवडलं. हुपर्ट्झनं पिक्चरसाठी लिहिलेल्या संगीताच्या वहीत कुठं काय चाललंय त्याच्या हजारावर खुणा होत्या. बाजा सांगतो नवरदेव कुठवर आला, तसं.

राहिली तुमची गाणी. बायकोला सांगा, स्वप्न नव्हतं. १९८४ साली जॉर्जिओ मोरोडर नावाच्या संगीतकारानं पिक्चर छाटून, रंगवून, इंग्रजी गायक फ्रेडी मर्क्युरी आणि मंडळींची गाणी टाकून काढला होता. तुमच्या मावसभावाच्या खोक्यात तोच आला.

गोदाकाठ_नांदेड:

काका, माहिती एक नंबर. पण एआयच्या जमान्यात रेघोट्या कशाला ठेवायच्या? सगळं चकाचक होतं की आता. दोन हजारची डिस्क घेऊन माणसानं पाऊस काहून बघायचा?

तंबू_ऑपरेटर:

फर्दापूरला तंबू असला की दिवसा काम नसायचं, मी अजिंठ्याच्या लेण्यात जाऊन बसायचो. तिथल्या एका म्हाताऱ्या गाईडनं सांगितलं होतं. १९२०च्या सुमारास निजाम सरकारनं इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांनी पोपडे धरून बसवले, ते चांगलं केलं. पण चित्रं चमकावीत म्हणून वरून लाखेचं व्हार्निश दिलं. चार दिवस चमकली. मग व्हार्निश पिवळं पडलं, काळवंडलं, धूर धरला. पुढं पुरातत्त्व खात्याला ते उतरवत बसावं लागलं. माणसं त्यांच्या काळातली हुशारच होती, हे लक्षात घ्या.

२०२४ला ‘एलियन्स’ ह्या इंग्रजी पिक्चरची फोर-के डिस्क आली, तशाच यंत्रानं घासून. पोरानं दाखवली. माणसांचे चेहरे मेणाचे, कपाळावर घामाचा दाणा दिसंना. फिल्मचा दाणा म्हणजे मळ नाही, चित्रच त्या कणांचं बनतं. तो काढला की कातडीही निघते. आणि त्या पिक्चरची मूळ फिल्म शाबूत आहे, उद्या कुणी नीट करंल. ‘मेट्रोपोलिस’च्या त्या तुकड्यात यंत्रानं गुळगुळीत गाल काढला, तर तो १९२७चा गाल नसणार, यंत्राचा असणार.

खडकेश्वर_संभाजीनगर:

रिजनचं कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. ब्ल्यू-रेत अमेरिका ए, युरोप बी, आपण सी. मागवताना डब्याच्या मागचं चिन्ह बघत जा. फोर-के डिस्कला रिजनची भानगड नाही, पण प्लेयर फोर-केचाच लागतो. आणि लॅपटॉपवर ब्ल्यू-रेचा रिजन प्लेयर सॉफ्टवेअरमधी असतो, तो मोजक्याच वेळा बदलता येतो, मग अडकतो. पुतण्याला सावध करा.

वसमतरोड_परभणी:

काल रात्री सगळे सेटिंग बंद करून पुन्हा लावला. मधी एकदा लाईट गेली, पाऊण तास उकाड्यात बसलो, पण कुणी उठलं नाही. बायकोला काळ्या पट्टीचं सांगून ठेवलं होतं. पट्टी आली की ती म्हणायची, ‘आलं तुमचं अर्जेंटिना.’ शेवटी शेवटी तर माझ्याआधी ओळखायली. गाण्यांचं मात्र अजून मान्य नाही.

म्हणून माळ्यावरून ती कॅसेट काढली. टेपवर पांढरी बुरशी आहे. व्हीसीआर एका ओळखीच्याकडं अजून चालू आहे. लावू का?

तंबू_ऑपरेटर:

लावू नका! बुरशी व्हीसीआरच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, चिकटंल, मग त्या मशीनमधी जाणारी प्रत्येक कॅसेट नासंल. दुसऱ्या कॅसेटींपासून वेगळी करा, सावलीत कोरड्या जागी उभी ठेवा, टिनाच्या खोलीत नको. आमच्या मालकानं रिळांच्या पेट्या मे महिन्यात पत्र्याखाली ठेवल्या होत्या. उघडल्या तर सिरक्याचा वास, आणि फिल्म आकसून भोकं मशीनच्या दात्यात बसंनात.

मोरोडरवाली आवृत्ती २०११ला डिस्कवर आलीय. ती मागवा, बायकोला गाणी ऐकवा. रिजन बघून.

वसमतरोड_परभणी:

मागवतो. ह्या वेळी डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो आधी इथं टाकतो, मगच पैसे.