सहा-सात म्हणजे नेमकं कधी?

इंदूरहून, सोमवार, ८ जून

मंडळी, सप्रेम नमस्कार.

काल रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी मंडळाच्या सेक्रेटरींचा न्यू जर्सीहून फोन आला, "आजी कुठे आहेत? सगळे वाट पाहताहेत." आत्या तेव्हा जेवून, औषध घेऊन आडवी झाली होती. मी तिला उठवलं नाही. सकाळी सांगितलं, तर पहिला शब्द तिच्या तोंडून आला तो, "मी विसरले का गं?"

ती विसरलेली नाही. एवढ्यासाठीच हा मेल लिहिते आहे. सत्त्याऐंशीव्या वर्षी माणूस आधी स्वतःच्याच स्मरणशक्तीला दोष देतो, आणि हा दोष तिच्याकडे जाता कामा नये. आत्याच्या कार्यक्रमाच्या तुमच्या पत्रकात होतं, "६/७, सकाळी १०.३० ईएसटी." आम्ही इथे रामबागेत ते सहा जुलै असं वाचलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या चौकटीत आत्याच्या हातचं लिहिलेलं आहे, "मंडळ, रात्री ९." सोमवारी कार्यक्रम कसा, असं मला क्षणभर वाटलंही होतं. तेव्हाच विचारायला हवं होतं, ते माझ्याकडून राहिलं.

आपल्याकडे दिवस आधी, महिना नंतर. अमेरिकेत महिना आधी. पंचवीस तारीख असती तर चूक लगेच कळली असती, कारण पंचविसावा महिना कुठेच नाही. घोळ होतो तो प्रत्येक महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत. त्यातले १/१, २/२ असे बारा दिवस दोन्हीकडे सारखेच. उरले वर्षाचे १३२ दिवस, ज्यांच्या दोन-दोन तारखा होतात. आत्याचा कार्यक्रम नेमका त्यातल्या एका दिवशी पडला.

महिनाभर ती टिपणं काढते आहे. अहिल्याबाई होळकरांच्या पुण्यतिथीची, म्हणजे अहिल्योत्सवाची पालखी, राजवाड्यासमोरची गर्दी, तिच्या वडिलांच्या वेळचं इंदूर. कार्यक्रम पुन्हा ठेवणार असाल तर कृपया लवकर कळवा.

— रामबागेतली ताई

न्यू जर्सीहून, सोमवार, ८ जून

ताई, आजींना माझा साष्टांग नमस्कार सांगा. चूक सर्वस्वी माझी आहे. आजच संध्याकाळी त्यांच्याशी फोनवर बोलून मी स्वतः क्षमा मागणार आहे.

एकतीस वर्षं इथे राहून हाताला सवय लागली. इथे बोलतानाही "जून सेव्हन्थ" म्हणतात, मग लिहितानाही जून आधी येतो. पत्रक इंदूरला जाणार आहे हे माहीत असूनही हात तसाच चालला.

वेळेतही मी चुकलो, हे तुमच्या "रात्री ९"वरून लक्षात आलं. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत इथली घड्याळं तासभर पुढे असतात. तेव्हा इंदूर आमच्या साडेनऊ तास पुढे, थंडीत साडेदहा. ईएसटी ही इथली थंडीतली वेळ. जूनमध्ये ईडीटी, म्हणजे उन्हाळ्यातली वेळ, लिहायला हवं होतं. मी ईएसटी लिहिलं, तुम्ही ते प्रामाणिकपणे मोजलंत आणि रात्रीचे नऊ काढलेत. तुमचा हिशेब बरोबर होता.

यापुढे पत्रकात नुसते आकडे नसतील. वार, दिवस, महिन्याचं नाव अक्षरी, आणि प्रत्येक गावाची वेळ त्या गावाच्या नावापुढे. मंडळाच्या फोटोंच्या फायलींना मात्र आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असे आकडे देऊ. चीन, जपान, कोरिया, हंगेरीत तारीख याच क्रमाने लिहितात. १९८८ साली आलेलं आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानकही हेच सांगतं. या क्रमाने नावं दिली की संगणकात फायली आपोआप काळाप्रमाणे लागतात.

— सेक्रेटरी

स्टुटगार्टहून, मंगळवार, ९ जून

सगळ्यांना नमस्कार. मी मूळचा इंदूरच्या जेल रोडचा, आता इथे.

तारीख अक्षरी लिहायची ठरली ते उत्तम, पण वेळ आकड्यातच लिहा, तीही चोवीस तासांची. इथे आलो त्या वर्षी एका सहकाऱ्याने घरी जेवायला बोलावलं, "हाल्ब आख्ट." हाल्ब म्हणजे अर्धा, आख्ट म्हणजे आठ. माझ्या मराठी कानाने साडेआठ ऐकलं. जर्मनीत त्याचा अर्थ साडेसात, म्हणजे आठव्या तासातला अर्धा झाला. मी पोहोचलो तेव्हा त्या माउलीने केलेलं सूप दोनदा गरम करून झालं होतं. इंग्लंडमधल्या माझ्या बहिणीकडे "हाफ सेव्हन" म्हणतात, तेही साडेसातच. एकाच वेळेला एकजण सात म्हणतो, दुसरा आठ.

आमच्या या भागात पावणेआठला "तीन चतुर्थांश आठ" म्हणतात आणि सव्वासाताला "पाव आठ". पावणेआठ मला पहिल्याच दिवशी कळलं, कारण आपणही तिथे पुढच्याच तासाचं नाव घेतो. सव्वा आणि साडेला मात्र आपण मागच्या तासाला धरून असतो. लहानपणी पाढ्यांसारखं पाठ केलेलं हे, त्यात दोन दिशा आहेत हे परक्या भाषेत शिरल्यावर समजलं.

आजींचा कार्यक्रम मला काहीही करून ऐकायचा आहे. माझी आजी त्याच पालखीच्या गोष्टी सांगायची.

— जेल रोडचा भाऊ

इंदूरहून, बुधवार, १० जून

हा मेल आत्याने सांगितला आणि मी टंकला. तिचे शब्द तसेच ठेवले आहेत.

"चिरंजीव सेक्रेटरी, तुझा फोन आला, बरं वाटलं. आता मनात काही ठेवू नकोस.

इंग्रजी तारखेचं तुम्ही म्हणता, पण आम्ही इंदुरातले मराठी लोक दोन श्रावणांत वाढलो. आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्या हिंदी शेजाऱ्यांचा पौर्णिमेला. त्यामुळे त्यांचा सावन आपल्याआधी पंधरा दिवस सुरू होतो. लग्न होऊन आले तेव्हा शेजारची भाभी सोमवारचा उपास धरून बसली आणि आमच्याकडे अजून आषाढ. मी घाबरले, म्हटलं पहिला सोमवार चुकला. सासूबाईंनी हाताला धरून पंचांगासमोर बसवलं. म्हणाल्या, शुक्ल पक्षाचं नाव दोघांचं एकच, वद्य पक्षाला मात्र त्यांच्याकडे पुढच्या महिन्याचं नाव. आपली जन्माष्टमी श्रावण वद्य अष्टमी, त्यांची भादों बदी अष्टमी. चंद्र तोच, रात्र तीच.

अहिल्याबाई गेल्या १३ ऑगस्ट १७९५ला. आमच्या घरी त्या तिथीला श्रावण वद्य चतुर्दशी म्हणायचे, बाहेर भाद्रपद कृष्ण चतुर्दशी. पालखी एकच निघायची. तिच्यामागून चालताना कुणी कुणाला महिना विचारला नाही. मला सांगायचं होतं ते हेच, ते आता कार्यक्रमात नीट सांगेन.

वेळ दिवेलागणीनंतरची ठेवा. जूनमध्ये इंदुरात सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो. भारताची वेळ साडेब्याऐंशी रेखांशावर धरलेली, आपण त्याच्या बरेच पश्चिमेला, म्हणून घड्याळाच्या मानाने सूर्य इथे जवळजवळ सत्तावीस मिनिटं मागे. आणि जवळच्या उज्जैनवरून तर आपले जुने ज्योतिषी मध्यरेखा धरत होते. नऊला मात्र मला बसवणार नाही."

सेक्रेटरींशी बोलून ठरलेलं असं:

रविवार, २१ जून.
इंदूर १९.३०, स्टुटगार्ट १६.००, न्यू जर्सी १०.००.

आत्याने कॅलेंडरवर सहा जुलैची चौकट खोडली नाही. तिथे लिहिलं आहे, "मंडळ, झालं तर पुन्हा."

— रामबागेतली ताई